समजून घ्या : भर उन्हाळ्यात कॉम्प्युटर आपोआप बंद का पडतो, आणि ‘फॉरमॅट मारणं’ हा त्यावरचा इलाज का नाही?

मे महिन्याची दुपार. तालुक्याच्या गावातलं ई-सेवा केंद्र, वर पत्रा, आत आठ-दहा माणसं. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवाय, कुणाला नॉन क्रिमिलेयर, कुणाला सातबारा. ऑपरेटर फॉर्मच्या शेवटच्या पानावर येतो आणि स्क्रीन काळी पडते. ‘भाऊ, सर्व्हर डाऊन झालं का?’ ‘नाही काका, मशीनच बंद पडलं.’ पाच मिनिटांनी मशीन सुरू होतं, ओटीपीची मुदत संपलेली असते, सगळं पहिल्यापासून. तासाभरात पुन्हा तेच.

जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, बोलताना अजून नगरच येतं. पण इथला उन्हाळा काही बदललेला नाही. भंडारदऱ्याचा भाग सोडला तर एप्रिल-मेमध्ये बहुतेक तालुक्यांत पारा चाळिशी ओलांडतो. याच दिवसांत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत ‘स्लो झालाय’, ‘हँग होतोय’, ‘आपोआप बंद पडतोय’ अशा तक्रारी घेऊन लोक येतात. आणि बहुतेक वेळा त्यांना एकच औषध मिळतं, ‘फॉरमॅट मारून देतो.’

या औषधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रोसेसर तापून बंद पडणाऱ्या मशीनला फॉरमॅट मारणं म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी नसलेल्या गाडीचं सीट कव्हर बदलणं. ग्राहकाचे पाचशे रुपये जातात, बायोमेट्रिक मशीनचे ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागतात, टॅलीचा बॅकअप घेतलेला नसेल तर वर्षाचा हिशोब जातो आणि चार दिवसांनी दुपारी दोन वाजता मशीन पुन्हा बंद पडतं.

प्रोसेसर म्हणजे ‘सीपीयू’चा डबा नव्हे

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत आहे. तो डबा म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्डवर बसलेला असतो आणि त्यातली मूळ चिप साधारण अंगठ्याच्या नखाएवढी असते. साध्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधल्या प्रोसेसरवर बहुधा ६५ वॅट असं लिहिलेलं असतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि तिच्या टोकाने शिसं वितळतं. त्याच्या अडीचपट उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची आहे, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की पुढचं सगळं सोपं जातं. शिवाय हे ६५ वॅट म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. नवे प्रोसेसर कामाचा ताण आला की थोडा वेळ त्याहून बरीच जास्त वीज खेचतात.

ही उष्णता चिपवरून धातूच्या झाकणावर, तिथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकमध्ये, हीटसिंकच्या पात्यांमधून हवेत आणि शेवटी फॅनने कॅबिनेटच्या बाहेर जाते. या साखळीतली एक कडी सैल झाली तरी आत उष्णता साचते. त्यातली पेस्ट ही सर्वांत दुर्लक्षित कडी. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा असते. तांब्यातून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या हजारो पट कमी ती हवेतून जाते. पेस्टचं काम एवढंच की त्या फटींतली हवा हुसकावून लावायची. पाच-सात वर्षांत ती सुकते, खडूसारखी होते, तडकते. मग हवा पुन्हा आत येते.

तापमान मर्यादेपलीकडे गेलं तर प्रोसेसर स्वतःला वाचवतो. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोहोचला की तो आधी वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेच तुम्हाला ‘स्लो झालाय’ म्हणून जाणवतं. तरीही ताप वाढला की वीज तोडून बंद होतो. म्हणजे आपण ज्याला बिघाड म्हणतो, तो खरं तर फ्यूज उडण्यासारखा बंदोबस्त आहे. पूर्वी तोही सगळ्यांकडे नव्हता. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या जर्मन मूळ असलेल्या संकेतस्थळाने चालू कॉम्प्युटरवरचा हीटसिंक काढून दाखवणारा व्हिडिओ केला होता. पेंटियम ४ नुसता मंदावला, पण एएमडीचा त्या काळचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. आता दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये हा बंदोबस्त असतो.

मग उन्हाळ्यातच का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं उत्तर साध्या बेरजेत आहे. कूलर कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांतला फरक कमी ठेवतो. समजा, तुमचं मशीन नवं असताना पूर्ण ताणावर खोलीपेक्षा ३७ अंश जास्त तापत होतं. खोली २८ अंश, प्रोसेसर ६५. मस्त. पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्यात खोली ४३ झाली, तर प्रोसेसर ८०. तरीही ठीक.

आता तीन वर्षांत हीटसिंकमध्ये धूळ बसली, पेस्ट सुकली आणि तो फरक ३७ वरून ६० झाला. जानेवारीत २८ अधिक ६० म्हणजे ८८. मशीन चालतंय, कुणाची तक्रार नाही. मे महिन्यात ४३ अधिक ६० म्हणजे १०३. मर्यादा पार. दोष वर्षभर होताच, उन्हाळ्याने तो फक्त उघडा पाडला. म्हणून ‘काल तर नीट चालत होता’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

धुळीचंही आपल्या जिल्ह्यात एक भूगोल आहे. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे कोरडी, बारीक माती. राहुरी, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात गाळप हंगामात काजळी, आणि तोडणीनंतर पाचट पेटवलं की ती घराघरात. काजळी बारीक आणि चिकट असते, ती नुसत्या फुंकरीने निघत नाही. शेवगाव-नेवाशाकडे कापसाची तूस फॅनखाली अशी काही बसते की हीटसिंक उघडल्यावर आत गोधडीचा तुकडा निघावा. त्यात भर आपल्या सवयींची. कॅबिनेट लाकडी कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकलेली, वर प्लास्टिकचं कव्हर (मशीन चालू असतानाही!) आणि दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार पुढच्या जाळीवर दिवाळीपर्यंत.

आधी मोजा, मग पेचकस हातात घ्या

विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वेग आणि वापर दाखवतो, तापमान दाखवत नाही. त्यासाठी कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखं मोफत सॉफ्टवेअर लागतं, आणि ते त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवावं. मशीन सुरू करून पंधरा मिनिटं काही न करता ठेवा. विंडोज सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं अपडेट वगैरे चालू असतात, तेव्हाचा आकडा धरू नका. निवांत असताना ३५ ते ५० अंश चांगलं, भर उन्हाळ्यात ५५ सुद्धा चालेल. काम करताना ७० ते ८५ पर्यंत हरकत नाही. सतत ९५ च्या पुढे असेल तर गडबड आहे. एक अपवाद : एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर ताणाखाली ९५ अंशांवर चालावेत असेच बनवलेले आहेत. तो आकडा बघून घाबरू नका आणि घाबरवणाऱ्या दुकानदाराचंही ऐकू नका.

नुसत्या आकड्यापेक्षा तो कसा चढतो, यात खरी माहिती आहे. एखादं जड काम सुरू केल्यावर तापमान दोन-चार सेकंदांत ४५ वरून ९५ ला उडी मारत असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. उलट पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेलं, तर उष्णता हीटसिंकमध्ये जातेय पण तिथून बाहेर पडत नाही. धूळ, मंद झालेला फॅन किंवा कोंडलेलं कॅबिनेट ही कारणं.

याची खातरजमा फुकटात होते. कॅबिनेटचं बाजूचं पॅनल काढा आणि मशीन चालवून बघा. तापमान दहा-बारा अंशांनी खाली आलं, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. कप्प्यातून बाहेर काढा, मागचा फॅन बघा. काहीच फरक पडला नाही, तर दोष कूलरपाशी आहे. पॅनल उघडं ठेवून बाजूला टेबल फॅन लावणं हा शोधासाठी आणि चार दिवसांच्या अडचणीसाठी ठीक आहे. कायमचं तसं ठेवलं तर धूळ, पाल आणि झुरळं यांना आमंत्रण. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणं तर टाळाच. पाण्याचे तुषार आणि आतली धूळ मिळून जो लगदा होतो, तो मदरबोर्डला परवडत नाही.

सुरू करताना ‘सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ१’ असा संदेश येत असेल तर आणखी काही मोजायची गरज नाही, फॅन बंद आहे किंवा फार हळू फिरतोय. हा संदेश बायोसमधून ‘इग्नोर’ करून देणारे मेकॅनिक आहेत. ती सेटिंग काही खास कूलरसाठी असते. पण बंद पडलेल्या फॅनवर ती वापरणं ही माझ्या मते ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

तापमान ठीक, तरी बंद पडतंय?

मग दोष प्रोसेसरच्या माथी मारू नका. ६० अंशांवर मशीन फटकन बंद होत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर. आपल्याकडे व्होल्टेजचा चढउतार नवा नाही. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी उतरलेली असते आणि तो फक्त शोभेला असतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद दाखवून ‘एसएमपीएस गेला’ म्हणणारे भेटतील. ती नोंद इतकंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते सांगत नाही. लाइट गेली तरी हीच नोंद होते.

दुसरी शक्यता जास्त वाईट. कुठलाही प्रोग्रॅम उघडा नाही आणि तरीही प्रोसेसरचा वापर ८०-९० टक्के दिसतोय, फॅन सारखा गुरगुरतोय. मग तुमच्या विजेवर दुसऱ्याच कुणासाठी क्रिप्टो मायनिंग चालू असू शकतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा त्याचा नेहमीचा रस्ता. काही मायनर इतके चलाख असतात की टास्क मॅनेजर उघडला की काम थांबवतात. म्हणून तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर तासभर चालू ठेवून नोंद बघावी. इथे मात्र फॉरमॅट हे योग्य औषध असू शकतं, त्याला न्याय द्यायला हवा. पण ज्या केंद्रातून लोकांच्या आधारचे, बँकेच्या खात्यांचे तपशील जातात, तिथे क्रॅक सॉफ्टवेअर असावंच कशाला?

व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंगसाठी इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं महागडं मशीन घेतलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्यातले काही प्रोसेसर अस्थिर होण्यामागे जास्त व्होल्टेज मागणारा मायक्रोकोड होता, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट करा आणि बिल जपून ठेवा. पेस्ट बदलून हा दोष जात नाही.

साफसफाई : काय करायचं, काय टाळायचं

प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. ब्लोअरने धूळ काढताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड मदरबोर्डला लावू नका, स्थिर विजेचा धोका असतो. आणि हे काम गाळ्याबाहेर करा, नाहीतर तीच धूळ शेजारच्या मशीनमध्ये जाईल.

इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला बहुधा चार काळ्या प्लास्टिकच्या पिना असतात. माथ्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवल्या की त्या सुटतात. बसवताना त्या उलट फिरवून घ्यायच्या आणि समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक’ आवाज यायला हवा. एक पिन सुटी राहिली तरी हीटसिंक तिरका बसतो. दुरुस्ती करून आणल्यावर मशीन पहिल्यापेक्षा जास्त तापायला लागलं, तर आधी या पिना बघा. एएमडीच्या एएम४ मशीनमध्ये वेगळा धोका आहे : सुकलेल्या पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण पुसायची आणि नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवायची. हीटसिंकच्या दाबाने ती आपोआप पसरते. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही. यूट्यूबवर टूथपेस्ट लावून दाखवणारे आहेत. ती काही दिवसांत सुकते आणि तुम्ही परत तिथेच. पेस्टची ट्यूब शंभर-दोनशे रुपयांना मिळते आणि तीत अनेक मशीन होतात.

प्रश्न फक्त दुकानदाराचा नाही

दुकानदाराला किती दोष द्यायचा? ग्राहक ‘विंडोज टाकून दिलं’ याचे पैसे देतो, ‘धूळ काढली’ याचे देताना कुरकुरतो. म्हणून मला वाटतं, दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं तापमान ग्राहकाला स्क्रीनवर दाखवायची पद्धत दुकानांनी सुरू करावी. सावेडीपासून दिल्लीगेटपर्यंत एका दुकानाने जरी ती पाडली, तरी बाकीच्यांना ती घ्यावी लागेल.

मोठी अडचण सरकारी आणि निमसरकारी मशीनची आहे. शाळेच्या लॅबमध्ये, ग्रामपंचायतीत, सोसायटीत कॉम्प्युटर येतो तेव्हा फोटो होतो, फीत कापली जाते. पण दर मार्चला तो उघडून पुसायचा कुणी, हे कुठेच लिहिलेलं नसतं. हा धडा महाराष्ट्राने आधीच घेतला असायला हवा होता. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला, ऊस उत्पादकांना गावातच कॉम्प्युटरवर वजनाची, बिलाची माहिती मिळू लागली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तिथल्या काही गावांत पीसी काढून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. जुन्या पीसींची देखभाल हा त्यामागचा एक मुद्दा होता.

ऊसवाल्याला एसएमएसवर वजन कळू शकतं. दाखल्यांचे, फार्मर आयडीचे, बायोमेट्रिकचे अर्ज मात्र अजून गावातल्या त्या एका डेस्कटॉपवरूनच जातात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा योजना आली, तेव्हा केंद्रांबाहेर रांगा लागल्या. २०२५ च्या खरिपापासून ती बंद झाली, पण रांगा दुसऱ्या कारणांनी लागतच आहेत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मशीन अर्धा तास बंद पडलं, तर त्याची किंमत रांगेतला माणूस एका दिवसाच्या मजुरीने मोजतो.

खंडेनवमीला आपण अवजारं, यंत्रं पुसून पूजतो. त्याच दिवशी कॅबिनेट उघडून पुसलं, आणि दुसऱ्यांदा होळीच्या सुमारास, म्हणजे गाळप हंगाम ओसरताना आणि ऊन चढायच्या आधी, तर बहुतेक मशीन उन्हाळा काढतील. ग्रामपंचायतीला यासाठी ठराव किंवा निविदा लागू नये.

नवं मशीन घ्यायची घाई मात्र करू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपल्यापासून ‘तुमचं मशीन जुनं झालं, बदला’ हे वाक्य जास्त ऐकू येतंय. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण ‘तापतं म्हणून बदला’ हे कारण त्यात मिसळू देऊ नका. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. बाजारात येणारे सेकंडहँड कॉम्प्युटर घेताना तर दुकानातच पंधरा मिनिटं चालवून तापमान बघून घ्या. पेस्ट बदलली का, हे तोंडी विचारून उपयोग नाही.

आणि उद्याच मुदत संपतेय, मेकॅनिक मिळत नाही, मशीन तापतंय, अशी वेळ आली तर? कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे प्रगत सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक इंटेल मशीनमध्ये त्याने टर्बो बंद होतो, प्रोसेसर मूळ वेगावरच चालतो आणि तापमान बऱ्यापैकी उतरतं. फॉर्म भरायला तेवढा वेग भरपूर आहे. कॅबिनेट टेबलच्या कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, नको ते टॅब बंद करा आणि जड कामं सकाळी दहाच्या आत उरकून घ्या.